चव बघण्यापुरते चिप्स

आजारातून उठलेला माणूस बोलायला लागला की देवाची मर्जी, नशिबाचा फेरा, खानदानी रोग असं काहीबाही सांगतो. मलाही तसं सांगता आलं असतं. माझे वडील शुगरनंच गेले. पण शुगर वडिलांकडून आली असली तरी ती डोक्यावर चढवून घेतली मी. तळलेल्या बटाट्यावर चढवली, उपासाच्या दिवशी चढवली, आणि कपाळाला इभूत लावून चढवली. हे लिहिताना लाज वाटते. वाटू द्या. ज्यांना नुकतीच शुगर निघालीय आणि जे घरी खोटं बोलायला लागलेत, त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांनी हसलं तरी चालेल.

मी घाटनांदूरचा. बाजारात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. वय एक्कावन्न. गाव मला अप्पा म्हणतं. घरी मी आणि माझी बायको सुमन, दोघंच. एक थोरली बहीण आहे, अक्का, ती धर्मापुरीला दिलेली.

दुकानापुढं एक कढई आहे. ती फक्त उपासाची. तिच्यात भजं पडलं नाही, वडा पडला नाही. शेंगतेल, शेंदेलोण म्हणजे उपासाचं मीठ, आणि बटाटा, बस. किसणी सरळ कढईवर धरायची, काप तेलात पडत जातात, झाऱ्यानं हलवत राहायचं. आजोबांनी नियम घालून दिलेला, की या कढईवर जो बसेल तो स्वतः उपाशी पाहिजे. ज्याचा उपास त्याचाच झाऱ्या. म्हणून तर सिरसाळ्यापासनं लोक सांगून चिप्स नेतात. "अप्पाचे चिप्स हायेत, डोळे झाकून खा," म्हणतात. सोमवार, एकादशी, प्रदोष, शिवरात्र, या सगळ्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी कढईवर बसायचो.

आता सांगा, उपाशी माणसाला गरम चिप्सच्या कढईपुढं बसवायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण. मीठ बरोबर पडलं का, काप कच्चा तर नाही राहिला, हे बघावं लागतं. प्रत्येक घाणा उतरला की चव बघण्यापुरते चार काप तोंडात. मग मूठभर. मग दुसऱ्या घाण्याचे. उपासाला बटाटा चालतो. कोणत्या पोथीत लिहिलंय मला ठाऊक नाही, पण चालतो. किती चालतो हे कुठंच लिहिलेलं नाही. अक्का लहानपणी मला चिडवायची, "एकादशी आन् दुप्पट खाशी." ते तंतोतंत खरं होतं, तरी हसण्यावारी नेलं.

*

शुगर निघाली ती पायाच्या अंगठ्यामुळं. तेलाचा डबा सरकवताना पत्रा लागला होता. आठ दिवस झाले, पंधरा झाले, जखम काही सुकेना. हळद लावली, मलम लावलं. तहान लई लागायची, दुकानातला माठ एकटाच रिकामा करायचो. भादव्याचं ऊन आहे म्हणून सोडून दिलं. शेवटी सुमननं धरून अंबाजोगाईला नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलणं करारी. रक्त तपासलं, कागद बघितला आणि म्हणाली, "अप्पा, तीनशे चाळीस आहे."

"काय तीनशे चाळीस?"

"शुगर. कधीपासून आहे ते देवाला माहीत. तुम्ही आज आलात एवढंच."

खरं सांगतो, मला आधी वडिलांचे पाय आठवले. शेवटी शेवटी चादरीखाली एकच पाय होता. मी लहान होतो तेव्हा दुसरा कुठं गेला हे विचारायची मला भीती वाटायची. त्या खुर्चीवर बसून मी माझे दोन्ही पाय एकदा बघून घेतले. डॉक्टरीणबाईनं ओळखलं असावं. पाणी दिलं आणि म्हणाली, "घाबरू नका. अंगठा वाचेल. तुम्ही ऐकलंत तर सगळंच वाचेल."

मग तिनं एका कागदावर लिहून दिलं. एका बाजूला काय खायचं, एका बाजूला काय बंद. बंदच्या बाजूला साखर, गूळ, मैदा, साबुदाणा होता आणि त्याखाली बटाटा. बटाट्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या आणि पुढं लिहिलं, तळलेला तर अजिबात नाही. म्हणाली, "बटाटा गोड लागत नाही म्हणून लोक फसतात. पोटात गेला की त्याची साखरच होते. आणि तळला की तेलाचा भार वेगळा."

त्या वेळी सुमन गोळ्या घ्यायला खाली रांगेत उभी होती. तिनं यातलं काही ऐकलं नाही. आणि मी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय काय बंद सांगितलंय?"

"साखर बंद. गूळ बंद."

"आन् बाकी?"

"बाकी चालतंय."

कावून खोटं बोललो? दुसऱ्या दिवशी सोमवार होता. एवढंच कारण. माणूस किती थोडक्यासाठी खोटं बोलतो बघा. तो कागद मी दुकानात वजनांच्या खाली ठेवून दिला.

सुमननं त्या दिवसापासून स्वतःचीही साखर बंद केली. मी म्हणलं, तुला काय झालंय? तर म्हणाली, "एकटे तुमी फिका च्या कसा प्याल?" पहिला घोट घेतल्यावर तिचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू आलं. ती पण हसली. आता ते आठवलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं.

*

पुढं तर मी कहर केला. उपास वाढवले. गुरुवार धरला, शनिवार धरला. गावाला वाटलं अप्पा आजारानं शहाणा झाला. देवळात आरतीला लोक मला पुढं उभं करायला लागले. एकानं तर सगळ्यांसमोर म्हणलं, "शुगर झाली की माणसं गोळ्या वाढवतेत. अप्पानं भक्ती वाढवली." मी हात जोडून मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

आतली गोष्ट अशी की उपास जेवढे जास्त, तेवढा मी कढईवर जास्त. घरी सुमनपुढं भाकरी, मेथी, काकडी. आणि दुकानात सकाळी सहापासून अकरापर्यंत चव बघणं. सुमननं एकदा विचारलं पण होतं, "अवो, तुमी ते तळताना खात तर न्हाई ना?"

"छ्या! चव बघण्यापुरतं."

"एवढा उपास करून वजन कसं उतरत न्हाई मग?"

"हवा भरलीय," म्हणलं. तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सत्तावीस वर्षांची सवय होती.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी सुमन शेजारी बसलेली. डॉक्टरीणबाईनं कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. तीन महिन्यांची सरासरी शुगर कमी व्हायची ती आणखी चढली होती.

"गोळ्या घेता?"

"घेतो."

"गोड?"

"शिवत न्हाई," मी म्हणलं. हे खरं होतं, म्हणून आवाज खणखणीत निघाला.

मग ती सुमनकडं वळली. "ताई, स्वयंपाक तुम्हीच करता ना?"

"व्हय."

"तळलेलं किती होतं घरात?"

"होत न्हाई बाई. भाकरी अन् भाजी. भाजीला पळीभर तेल."

"हा आकडा पळीभर तेलाचा नाही, ताई. घरचं माणूस मायेनं वाढतं आणि म्हणतं, एवढ्यानं काय होतंय. त्यांच्या ताटात काय पडतं हे तुमच्या हातात आहे. तुम्हीच असं केलंत तर मी काय करू?"

सुमन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी शेजारी बसलो होतो, एक हात अंतरावर. तोंड उघडायचं होतं, एवढंच काम होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

त्या दिवशी इन्सुलिनची सुई सुरू झाली. नर्सनं सुमनला बाजूच्या खोलीत नेलं, सुई कशी भरायची, रेघ कशी बघायची ते शिकवायला. माझे हात थरथरतात म्हणून सुई सुमननंच द्यायची असं ठरलं. इकडं डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "अप्पा, नीट ऐका. उपास आता पूर्ण बंद. सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात भाकरी गेली पाहिजे. नाही गेली तर शुगर एकदम खाली येते. माणूस चालता चालता पडतो."

मी हो म्हणलं. बाहेर येऊन सुमनला सांगितलं, "उपास चालतो म्हणल्या. फराळ करायचा तेवढा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "उद्यापासून भाजीला तेलच घालत न्हाई. वाफवूनच देते." आणि तिनं खरंच तसं केलं. बिनतेलाचं वांगं आम्ही दोघं बसून खायचो. ते वांगं नरड्याखाली उतरायचं नाही. तिच्याही उतरत नसणार.

*

दोन महिने असेच गेले. सुई चालू, उपास चालू, कढई चालू. उपासाच्या दिवशीही सुमन आठ वाजता दुकानात येऊन सुई द्यायची आणि मला काही व्हायचं नाही. व्हायचं कसं? पोटात बटाटे होते ना.

शिवरात्रीच्या आठ दिवस आधी अक्का आली. जेवताना मला निरखून बघितलं आणि सुमनला म्हणाली, "माझा भाऊ असा न्हवता. तुझ्या हाताला चव हाय म्हणून तेनं खाल्लं. थोडं हात आखडून वाढायला काय झालं होतं?"

"वन्सं, मी तर तेल पण..."

"राहू दे. डॉक्टरीण उगं बोलली का तुला?"

संध्याकाळी सुमन भांडी घासत होती. पाठमोरी. खांदे हलत होते. मी दारात उभा राहिलो, बघितलं, आणि मागं फिरलो.

त्या दिवशी मला माझीच शिसारी आली. खरं बोलायचं धाडस काही झालं नाही. मी मनाशी ठरवलं, येत्या शिवरात्रीला खरा उपास करायचा. एक काप जिभेवर ठेवायचा नाही. कबुली द्यायला छाती नव्हती म्हणून उपास धरला. आयुष्यातला पहिला प्रामाणिक उपास, आणि तोच अंगावर आला.

शिवरात्रीला दुकानापुढं ही गर्दी. पहाटेपासून तळत होतो. आठ वाजता सुमननं सुई दिली, नेहमीएवढीच. मी झाऱ्या चालवत राहिलो. घाण्यावर घाणा उतरला, पण चव बघितली नाही. गिऱ्हाईकांनाच म्हणायचो, मीठ बघा बरं. दहानंतर हात कापायला लागले. मला वाटलं, उपास म्हणजे असाच असतो, आपल्याला सवय नाही. मनातून थोडा खूष होतो बघा!

बारा वाजता दुकान बंद केलं. धर्मापुरीच्या जुन्या देवळात दर्शन घ्यायचं आणि अक्काकडं जायचं असं ठरलेलं. मोटारसायकल काढली, सुमन मागं बसली. गाव सोडलं तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. वाटेत रस्ता मधूनच दोन दिसायला लागला.

सुमन मागून ओरडली, "अवो, गाडी कुणीकडं चाललीय?"

एवढंच आठवतं. मग तोंडात माती होती आणि वर आभाळ. आम्ही रस्त्याच्या कडेच्या चारीत पडलो होतो. एक मेंढपाळ मेंढ्या सोडून पळत आला, त्यानं गाडी उचलून बाजूला केली. सुमनचा उजवा हात मनगटापासून भलतीकडंच वळला होता. पण तिचं हाताकडं लक्ष नव्हतं. नर्सनं तिला सांगून ठेवलं होतं, घाम आला, थरथर सुटली, बडबड सुरू झाली तर आधी साखर. तिच्या पिशवीत खडीसाखर असायचीच. डाव्या हातानं ती माझ्या तोंडात कोंबायला लागली.

मी म्हणे तोंड फिरवत होतो. म्हणत होतो, "आज शिवरात्र हाय. मला खायचं न्हाई."

"महादेवाला काय सांगायचं ते मी सांगते," ती किंचाळली, "तुमी चावा!"

*

अंबाजोगाईला आणलं तेव्हा मी बऱ्यापैकी शुद्धीवर होतो. पोचेपर्यंत खडीसाखर आणि मेंढपाळाच्या किटलीतला गोड चहा पोटात गेला होता. तरी शुगर अठ्ठेचाळीस निघाली. सलाईन लावलं. सुमनच्या मनगटाला प्लास्टर. तिला त्याच दिवशी सोडलं, पण ती घरी गेली नाही. माझ्या कॉटशेजारी स्टुलावर बसून राहिली.

दवाखान्यातला दिवस मोठा असतो. पहाटे पाचला बोट टोचायचे, सातला पुन्हा, जेवणाआधी पुन्हा. बोटांची चाळणी झाली. फिका चहा यायचा, मग झाडूवाल्या मावशी, मग डॉक्टरांचा फेरा. शेजारच्या कॉटवर एक म्हातारा धनगर होता, पायाला मोठी जखम झालेला. डॉक्टर आली की तो आपणहून सांगायचा, "बाई, काल नातवानं पेढा आणलता. अर्धा खाल्ला. लिहून घ्या." डॉक्टर रागवायची, तो हसायचा. मला त्याचा लई हेवा वाटायचा.

डॉक्टरीणबाईला माझं कोडं सुटत नव्हतं. म्हणाली, "दोन महिने चढी शुगर आणि एका दिवसात इतकी खाली? ताई, सुई किती दिली होती?"

"रोजच्याएवढीच, बाई."

"अप्पा जेवले होते?"

"उपास होता. पण दर सोमवारी असतोच. उपासाला पण रोजच्यासारखीच देते. कधी काही झालं न्हाई."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं. उपास बंद करा असं तिनं मला सांगितलं होतं. ती ते विचारणार तोच मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ती एक सोय असते. ती सुमनला हळूच म्हणाली, "उपासाचं मी यांच्याशी मग बोलते. पण एरवी उपासाला काही होत नाही, तर गडबडीत रेघ चुकली असेल का? दुप्पट गेली असेल? होतं असं. मी रागवत नाही."

सुमन पांढरी पडली. "असंल," म्हणाली. "गर्दी होती. असंल बाई."

अक्का तिथंच उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. "आगं बया! जीवच घेतला असता की गं तेचा!"

दोन दिवस. मी मोजून दोन दिवस गप्प पडून राहिलो. सुमन हुंदके देऊन रडायची नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहायचं. मी झोपलोय असं वाटलं की माझ्या पायाला हात लावून बसायची. मी जागाच असायचो. मनात म्हणायचो, आता सांगतो. चहा झाला की सांगतो. अक्का बाहेर गेली की सांगतो. अक्का बाहेर गेली की वाटायचं, आता कशाला, उद्या सांगू. शेजारचा म्हातारा एकदा माझ्याकडं वळून म्हणाला, "बायको रडती आन् तू छताकडं बघतो. काय केलंस बे?" मी कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडला तर सुमन खिडकीपाशी उभी होती. पाठ माझ्याकडं. तिनं नर्सकडून रिकामी सिरिंज मागून घेतली होती. पाण्याची वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली. प्लास्टरच्या हातानं सिरिंज कशीबशी दाबून धरायची, डाव्या हातानं पाणी ओढायची, उजेडापुढं धरून रेघ बघायची, सोडून द्यायची. पुन्हा ओढायची. नर्स आत आली तेव्हा तिला विचारलं, "ताई, ही रेघ बरोबर हाय का? माझी कुठं चुकली ते कळंना. मी तर एवढीच भरत होते."

मी ओरडलो, "ठेव ते. सुमन, ठेव ते खाली. तुझी रेघ चुकली नव्हती."

तोंड उघडलं ते मग थांबलंच नाही. डॉक्टरीणबाई फेऱ्याला आली होती, अक्का डबा घेऊन आली होती, सगळ्यांसमोर बोललो. कागदाची घडी, दोन रेघा ओढलेला बटाटा, चव बघणं, वाढवलेले उपास, उपास बंद सांगितलेलं मी लपवलं ते, आणि शिवरात्रीला खरंच काही खाल्लं नाही म्हणून पडलो ते. रडलोही. एक्कावन्न वर्षांचा गडी, नाकातून पाणी, सगळा वॉर्ड बघतोय.

डॉक्टरीणबाईनं हातातला तक्ता कॉटवर ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही खात होता त्या बटाट्यावर मी औषध वाढवत गेले, अप्पा. मला कळायचा दुसरा मार्ग नव्हता." एवढं बोलून ती सुमनपाशी गेली. "ताई, मी तुम्हाला बोलले. चुकलं माझं."

सुमननं मान हलवली. माझ्याकडं आली. मला वाटलं, बटाट्यावरून बोलेल.

"खाल्लं ते खाल्लं," ती म्हणाली. "तोंड सगळ्यांलाच असतंय. पण दोन दिस मला वाटत होतं, तुमी माझ्या हातानं मेले असते. आन् तुमाला सगळं ठाऊक होतं. तुमी जागे होते ना? मी पाय धरून बसले होते तवा?"

"व्हय," मी म्हणलं.

तिनं स्टूल उचललं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. अक्का इकडं बघेना, तिकडं बघेना. शेवटी पिशवीतून कंगवा काढला आणि बाहेर गेली. तीन दिवस सुमनला एका हातानं वेणी घालता आली नव्हती. मला कॉटवरून दिसत होतं, अक्का मागं बसून तिचे केस विंचरत होती.

*

हे सगळं होऊन वर्ष होत आलं. अंगठा बरा आहे. औषध कमी झालंय, कारण आता डॉक्टरला खरं सांगतो. सुई मीच घेतो. पहिल्या दिवशी सुमनला म्हणलं, रेघ तरी बघ. ती म्हणाली, "तुमची तुमी बघा." हात थरथरला, पण घेतली. तिचं मनगट अजून पुरतं फिरत नाही, भाकरी थापताना कळतं.

उपास सुटले. नियमाप्रमाणं मग कढईही सुटली. गल्लीतल्या एक मावशी आहेत, सोमवार कडक पाळणाऱ्या, त्या आता दुकानापुढं बसून तळतात. लोकांनी विचारलं, अप्पा, कावून सोडलं? आधी तब्येतीचं कारण सांगायचो. मग एका सोमवारी गिऱ्हाईकांपुढं खरं ते सांगून टाकलं. काहीजण हसले. ज्यानं माझी भक्ती वाखाणली होती तो म्हणाला, "लई बेकार केलं अप्पा," आणि अर्धा किलो चिप्स घेऊन गेला. आरतीला मी आता मागं उभा राहतो. कुणी पुढं बोलवत नाही.

घरात एक नवीन रीत सुरू झाली. दुपारी दुकानातून आलो की सुमन दारातच माझा उजवा हात धरते आणि बोटं हुंगते. तेलाचा वास येतो का बघते. शेजारच्या बायकांना वाटतं, या वयात काय हे प्रेम! मी काही सांगत नाही. ती हुंगते, हात सोडते आणि "जेवून घ्या" म्हणते. रोज. मी खाल्लं नाही असं तोंडानं सांगून बघितलं, पण माझ्या तोंडाचा भरवसा तिला राहिलेला नाही. तो मीच संपवला. डॉक्टर शुगर उतरवू शकते, भरवसा परत आणणं तिच्या हातात नाही.

परवाच्या सोमवारी मी आलो तेव्हा सुमन चुलीपाशी घाईत होती. अक्काला फोनवर काहीतरी सांगत होती, हसत होती. मला बघून मानेनंच आत या म्हणली आणि ताट मांडायला वळली. हात धरला नाही. हुंगला नाही. विसरली असेल, किंवा विसरायला लागली असेल. मी मोरीपाशी गेलो. साबण लावला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती.

मी तसाच परत आलो आणि हात तिच्यापुढं केला.

"काय?" तिनं विचारलं.

"हुंग."

"कावून?"

"दोन खाल्ले. मावशी कागदात बांधत होत्या, त्यातले. दोनच."

तिनं फोन ठेवला. टोपलं हातात घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घातली नाही, यावेळी तेवढं जमलं. मग तिनं टोपल्यातली भाकरी काढली आणि मधोमध मोडली.

"अर्धीच वाढते मग," ती म्हणाली.